निळ्या पाण्याची साक्ष

रफूआत्यांच्या खोलीला उत्तरेकडे एकच खिडकी होती, आणि खिडकीखाली नदी. नदी काही फार मोठी नव्हे. पलीकडच्या काठावर कुणी खोकलं तर अलीकडून त्याला औषध सांगावं, एवढीच. खिडकीतून ऊन कधी आत यायचं नाही, उजेड मात्र दिवसभर यायचा, आणि रफूचं काम उजेडाचं असतं, उन्हाचं नसतं. भिंतीला एक फळी, फळीला खिळे, खिळ्यांना रिळं. नुसत्या करड्या रंगाची सव्वीस. कुणी उसवलेली, झिजलेली, सिगारेटनं भोक पडलेली कोटाची बाही घेऊन आलं, की आत्या ती खिडकीशी धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि हात मागे नेऊन न बघता नेमकं तेच रीळ काढायच्या. काम झाल्यावर भोक कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही.

म्हणूनच नदीचं काम त्यांच्या पदरात पडलं.

झालं असं, की पाणी खात्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई एकदा गल्लीत आल्या. चष्मा कपाळावर, हातात खोकं, त्यात बाटल्या, काचेच्या नळ्या, औषधाची कुपी आणि सूचनांचा कागद. म्हणाल्या, "खात्यात माणसं चार आणि नदी वीस किलोमीटर. तुमची नदी तुम्हीच राखायला हवी. दर रविवारी पाच जागांचं पाणी भरा, त्यात चार थेंब औषध टाका, दहा मिनिटं थांबा आणि रंग या पट्टीशी जुळवा. पाणी जितकं निळं, तितकं त्यात फॉस्फेट, म्हणजे साबणातला क्षार. तो वाढला की शेवाळ माजतं आणि मासे गुदमरतात."

पट्टीवर सहा निळे होते. पहिला असा, की आहे का नाही म्हणावं. सहावा शाईसारखा. पहिल्याच रविवारी एक जण म्हणाला तिसरा, दुसरा म्हणाला चौथा, आणि मासे राहिले बाजूला, माणसंच एकमेकांचा गळा धरायला निघाली. तेव्हा कोपऱ्यावरचा सलूनवाला म्हणाला, "भांडता कशाला? रंग ओळखणारं माणूस आपल्या गल्लीत बसलंय."

तेव्हापासून पाच बाटल्या आत्यांच्या खिडकीशी येऊ लागल्या. रविवारी सकाळी गल्लीतली पाच-सहा माणसं काठाकाठानं जायची, गुडघाभर पाण्यात उतरायची, कुणी घसरायचं, कुणी हसायचं. आत्या एकेक नळी उजेडाला धरायच्या आणि ओठातल्या ओठात त्यांचं काहीतरी चालायचं:

नदी चालते चालते, तिच्या पदराला डाग
कुणी लावला कळेना, सखे, काढू कसा माग

मग म्हणायच्या, "लिही. पुलाखाली, चौथा." वहीत लिहायची त्यांची सून.

सून घरात येऊन दोन वर्षं झाली होती. हात असा स्वच्छ, की तिनं पुसलेल्या ओट्यावर माशीनं पाय ठेवायला कचरावं. नदीच्या कामात तिनं आपणहून बाटल्या धुण्याचं काम अंगावर घेतलं. शनिवारी संध्याकाळी पाचही बाटल्या गरम पाण्यात बुडवायच्या, साबणाची पावडर टाकायची, लांब दांड्याच्या ब्रशनं बूड-गळा घासायचा. आणि मग एकाच पाण्यात विसळून पालथ्या घालायच्या. एकाच, कारण आपण नदी वाचवायला निघालो आणि घरात पाणी वाहू दिलं, हे तिच्या मनाला पटेना. सूचनांचा कागद हरवू नये म्हणून तिनं तो मोरीवरच्या भिंतीला खळ लावून चिकटवून टाकला, चारही कडा तळव्यानं दाबून.

आत्या कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या. शाब्बास म्हणायला त्यांना वर्षातून दोन-तीनदाच सुचायचं. पण एका रविवारी बाटली उजेडात फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "बाटल्या छान निघाल्यात गं." सुनेला ते वाक्य आठ दिवस पुरलं.

सात महिने पाणी निळंच येत राहिलं. चौथा, चौथा, पाचवा, चौथा. आणि नदीच्या वरच्या वळणावर होती लाँड्री. दवाखान्यांच्या चादरी, खाणावळींचे टॉवेल, बावीस माणसांचं काम, आणि धुराड्यासारखी सतत निघणारी वाफ. निळं पाणी आणखी कुठून येणार? लाँड्रीच्याही वरची बाटली निळीच यायची, तेव्हा खरं तर कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण सलूनवाल्यानं खुलासा केला, की लाँड्रीची गाडी गुपचूप वर जाऊन ओतते. आधीच पटलेल्या गोष्टीला पुरावा तो कितीसा लागतो.

लाँड्रीवाले म्हणजे आत्यांच्या नवऱ्याचे जुने मित्र. नवरा गेल्यावरही ते त्यांना वहिनीच म्हणत, आणि लाँड्रीत फाटलेलं, विरलेलं जे काही निघे ते गाठोडं बांधून दर आठवड्याला आत्यांकडे येई. अर्धं घर त्या गाठोड्यावर चाले. तक्रारीच्या अर्जावर पहिली सही आत्यांनी केली आणि गाठोडं यायचं थांबलं. सून हळहळली, तेव्हा आत्या सुईत दोरा ओवत एवढंच म्हणाल्या, "नदीहून गाठोडं मोठं नाही." त्या आठवड्यापासून त्या शेजारच्या बाजारातून उसवलेल्या छत्र्या शिवायला आणू लागल्या. बोटं टोचून लाल व्हायची, पण तोंडातून एक शब्द नाही. सून बघायची आणि मनात म्हणायची, बाई आहे की पोलादाची सळई.

अर्जावर एकशेचाळीस सह्या झाल्या. सलूनवाल्यानं त्यातल्या साठ एकट्यानं मिळवल्या. वस्तरा गळ्याशी असताना नाही म्हणणार कोण? गुरुवारी अकराला पाणी खात्याच्या कचेरीत सुनावणी ठरली: लाँड्रीला टाळं लावायचं की नाही.

मंगळवारी दुपारी आत्या छत्र्या पोचवायला गेल्या होत्या. सुनेनं सुनावणीत मांडायला म्हणून बाटल्या पुन्हा एकदा लख्ख धुऊन ठेवल्या होत्या. औषधाच्या कुपीत थोडं शिल्लक होतं. तिला वाटलं, आपलं पिण्याचं पाणी किती चांगलं आहे ते तरी बघू, कचेरीत शेजारी ठेवायला बरं. तिनं नळाखाली बाटली भरली, नळीत ओतली, चार थेंब टाकले आणि घड्याळाकडे बघत बसली.

दहा मिनिटांनी नळी निळी झाली होती. चौथा निळा.

हेच पाणी आपण पितो? दुसरी बाटली घेतली. पुन्हा निळा. मग तिनं रिकामी नळी वाहत्या नळाखाली धरली आणि वीसपर्यंत मोजलं, बाटलीला हात न लावता नळीतच पाणी घेतलं, थेंब टाकले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. पाणी जसं होतं तसंच राहिलं, बिनरंगी, निरागस.

सुनेनं ती नळी निळ्या नळ्यांशेजारी ठेवली. मग उठली, फडकं ओलं केलं आणि भिंतीवरचा कागद भिजवू लागली. कडा सुटल्या, मधला भाग सुटला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: बाटल्या साबणाने धुऊ नयेत. ज्या जागेचे पाणी घ्यायचे, त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भराव्यात.

ती तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसली. सात महिन्यांचा तो सगळा निळा रंग तिच्या हातचा होता. तिच्या पावडरीचा, तिच्या ब्रशचा, तिच्या एकाच पाण्याचा. त्या निळ्यापायी बावीस माणसांच्या दाराला टाळं लागणार होतं, आणि सासूबाईंनी वीस वर्षांचं नातं त्याच निळ्यापायी तोडलं होतं. कागद परत चिकटवता आला असता. खळ डब्यात होती. कुणाला कळणार होतं?

आत्या आल्या, चपला काढल्या, पाणी प्याल्या. सुनेनं ओला कागद त्यांच्या हातात दिला.

"आई, बाटल्या मी साबणानं धुवत होते."

आत्यांनी कागद खिडकीशी नेला. एकदा वाचला, मग जरा लांब धरून पुन्हा वाचला. सून त्यांच्या पाठीकडे बघत उभी होती. आता काय ऐकावं लागेल याचे तिनं मनात चार-पाच नमुने तयार केले होते.

"सात महिने," आत्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी म्हटलं छान निघाल्यात." त्या वळल्या. चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीचाच. "धुतल्यास तू, वाखाणल्या मी. रंग जुळवायला बसले आणि रंग कुठून आला ते विचारलं नाही. निम्मी चूक तुझी, निम्मी माझी. रडतेस कशाला? रडायला वेळ कुठाय, मधे एकच दिवस आहे. चहा टाक."

चहा झाला. कप ठेवता ठेवता त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजींच्या दाराला टाळं लावायला निघाले होते गं मी." त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी सुई हातात धरली नाही. सुनेनं असं कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तिघं काठानं निघाली: आत्या, सून, आणि आत्यांचा मुलगा. तो नळजोडणीची कामं करायचा. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. प्रत्येक जागी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची. विसळायचं काम सुनेचं. तिची बोटं थंडीनं बधिर झाली, तरी तीनदा झाल्यावर तिनं चौथ्यांदाही विसळली.

घरी येऊन नळ्या खिडकीत ओळीनं उभ्या केल्या. तिघंही घड्याळाकडे बघत दहा मिनिटं मोजत बसली.

लाँड्रीच्या वरचं पाणी स्वच्छ. लाँड्रीच्या खालचं, पहिला निळा, तोसुद्धा मेहेरबानी म्हणून. पुलाखाली तसंच. अगदी खालच्या, पाचव्या जागी दुसरा. आणि चौथी बाटली, त्यांच्याच गल्लीची नाली जिथे नदीला मिळते तिथली, डोळ्यांदेखत रंगत गेली. तिसरा, चौथा, आणि पाचव्याच्या उंबऱ्यावर जाऊन थांबली.

आत्यांनी नळी तीनदा उजेडाला धरली. तीनदा खाली ठेवली.

मुलानं कान खाजवला. "ती नाली पावसाच्या पाण्याची आहे, आई. पण निम्म्या गल्लीनं मोऱ्या तिच्यात सोडल्यात. मोठ्या गटाराला जोडायचं म्हणजे रस्ता उकरावा लागतो, परवानगी काढावी लागते. कोण करतंय."

"आपली मोरी?"

"आपलीपण. बाबांच्या वेळेपासून."

"तू नळजोडणीवाला ना?"

"म्हणून तर गप्प होतो."

सून खाली बघू लागली. दर शनिवारी बाटल्यांचं ते फेसाळ पाणी तिनं कुठे ओतलं होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

बातमी गल्लीत पसरायला दुपार पुरली. संध्याकाळी सलूनवाला खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा.

"आत्या, ऐकतोय ते खरं?"

"खरं."

"मग एवढा गुरुवार जाऊ दे. नंतर हळूच सांगू."

"हळूच कुणाला?"

"अहो, लाँड्रीसुद्धा काही धुतल्या तांदळासारखी नाही."

"नसेल. पण हा डाग तिचा नाही."

"एकशेचाळीस सह्या आहेत. लोक काय म्हणतील? माझ्या खुर्चीत बसणार कोण?"

"केस वाढले की बसतील," आत्या म्हणाल्या. "लोकांना मी सांगते. तू नुसता शेजारी उभा राहा."

"मी नाही बाई उभा राहायचा," म्हणून तो पाय आपटत गेला. त्या संध्याकाळी गल्लीतली चार दारं आत्यांना बघून लागली. सुनेनं ती मोजली. आत्यांनी बहुतेक मोजली नाहीत. त्या छत्रीची काडी टाचत होत्या.

कचेरीच्या खोलीत लांब टेबल होतं, टेबलावर फायलींचे गठ्ठे आणि पाण्याचा जग, वर कुरकुरणारा पंखा. एका बाजूला लाँड्रीवाले, कडक इस्त्रीच्या शर्टात, मागे त्यांच्याकडच्या चार कामगार बायका. दुसऱ्या बाजूला गल्लीतली दहा-बारा माणसं. सलूनवाला सगळ्यात मागे, दाराजवळ. टेबलापाशी प्रयोगशाळेतल्या बाई चष्मा पुसत होत्या.

आत्या उभ्या राहिल्या. हातात सात महिन्यांची वही.

"या वहीतला निळ्या रंगाचा एकही आकडा धरू नका," त्या म्हणाल्या. "बाटल्या साबणानं धुतलेल्या होत्या. आम्ही आमचाच साबण मोजत होतो."

खोलीत कुजबुज झाली. मागून कुणीतरी खुर्ची सरकवली. बाईंनी विचारलं, "धुवायचं कोण?"

"आमच्या घरी धुतल्या," आत्या म्हणाल्या.

सुनेनं पदर खोचला. ती उठली. "मी धुवायचे. रोजची भांडी घासतात तशा. कागदाची मागची बाजू मी भिंतीला चिकटवली होती, ती परवा वाचली." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "पाणी वाचवायला म्हणून एकदाच विसळायचे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कामगार बायकांतली एक मात्र हसली नाही. तिनं मान हलवली, आपल्याही हातून असंच झालं असतं, अशी.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी खोक्यातून तसाच एक कागद काढला आणि उलटसुलट करून पाहिला. "आणि मी हे मागे का छापलं? पुढे आमच्या साहेबांची सही आणि शिक्का बसवायचा होता ना." त्यांनी कपाळाला हात लावला. "बरं, नीट विसळून पुन्हा तपासलंत का?"

सुनेनं पाच आकडे सांगितले, जागेसकट. चौथ्या जागेचा आकडा सांगताना मागची कुजबुज एकदम थांबली.

लाँड्रीवाले इतका वेळ टेबलाच्या कडेकडे बघत होते. आता त्यांनी मान वर केली. "वहिनी, सात महिने माझ्याकडच्या या बाया तुमच्या गल्लीतून जायच्या, तेव्हा लोक नाक मुरडायचे."

"ठाऊक आहे. त्यात पहिलं नाक माझं होतं, भाऊजी. तुम्हाला येऊन विचारायलासुद्धा आले नाही मी. चुकले."

"चुकलात. आणि आज सगळ्यांसमोर कबूल केलंत म्हणून मी लगेच हसेन असं समजू नका."

"हसू नका. तुम्हाला हसवायला मी आलेच नाही."

ते खुर्चीवरून उठले. मग बायकांना घेऊन निघून गेले. पायऱ्यांवर त्यांच्या चपला वाजत राहिल्या आणि बंद झाल्या.

बाईंनी अर्जावर 'निकाली' असं लिहिलं. नवं पान उघडलं. पेन वरच्या वर धरून म्हणाल्या, "आता हा नालीचा आकडा. एकदा लिहिला की पुसता येणार नाही. नोटीस तुमच्याच गल्लीला जाईल. लिहू?"

गल्लीतली दहा-बारा माणसं आत्यांकडे बघत होती. सूनही. तिला त्या क्षणी सासूबाई फार लहानखुऱ्या दिसल्या. खुर्चीच्या पाठीवर टेकलेला हात, बोटांवर सुईचे डाग, आणि मान मात्र ताठ.

"लिहा," आत्या म्हणाल्या. "घरांची यादी करणार असाल तर पहिलं आमचं घाला. उरलेली घरं त्यांची ती सांगतील. दुसऱ्याचं नाव मी आता नाही सांगायची."

परवानगीचा कागद बाईंनी स्वतः फिरून आठ दिवसांत मिळवून दिला. रविवारी सकाळी आत्यांच्या मुलानं पहार घेतली आणि दारापुढचा रस्ता उकरायला सुरुवात केली. मोरीचा जुना पाइप नालीत जिथे शिरत होता तिथे कापून बूच मारलं. नवा पाइप मोठ्या गटारापर्यंत न्यायला चार दिवस लागणार होते. तोवर धुण्याभांड्यांचं पाणी बादलीत भरायचं आणि गल्लीच्या टोकाला, मोठ्या गटाराच्या झाकणापर्यंत वाहून न्यायचं.

सून भरलेल्या बादल्या न्यायची. आत्या अर्ध्या. सुनेनं दोनदा हातातून काढून घेतली, दोनदा आत्यांनी परत घेतली. "अगं, इतकी वर्षं हे पाणी मी नदीच्या डोक्यावर ओतलं," त्या म्हणाल्या. "चार दिवस माझ्या हाताला ओझं लागलं तर काय बिघडलं?" खिडक्यांतून माणसं बघत होती. दुसऱ्या दिवशी एका म्हातारबुवांनी झाकण उघडून धरलं. तिसऱ्या दिवशी दोन घरांनी, आमच्याकडे कधी येता, म्हणून सुनेच्या नवऱ्याला विचारलं, आणि एका घरातून, तुमच्यामुळे आमचं दार उकरलं जाणार, असंही ऐकू आलं. आत्यांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि बादली उचलली.

चौथ्या दिवशी दुपारी नवा पाइप बसला. माती ओढून घेत असताना सलूनवाला आला. खड्ड्याच्या कडेला उभा राहून त्यानं आत वाकून पाहिलं, जणू पाइप नव्हे, कुणाचा तरी दुखरा दात आहे.

"माझ्या बेसिनला किती दिवस लागतील?"

"दोन," आत्या म्हणाल्या.

"दोन दिवस गिऱ्हाइकांची तोंडं कशात धुऊ?"

"बादलीत."

"आणि ती बादली टोकापर्यंत नेणार कोण? माझी कंबर कशी आहे, ठाऊक आहे ना?"

"एकशेचाळीस सह्यांची माणसं आहेत तुझ्याकडे. दाढी झाली की एकेक बादली दे हातात."

त्याला हसू आलं, पण ते त्यानं टॉवेलात पुसलं. मग खाली बसला, खड्ड्याच्या कडेची एक वीट उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "उद्या दुकान बंदच असतं माझं."

सून आत गेली. नवरा हातपाय धूत होता, नव्या पाइपातून पहिल्यांदाच पाणी गुळगुळत उतरत होतं.

"अहो, पहार धुऊन ठेवू नका," ती म्हणाली. "उद्या कोपऱ्यावर जायचंय."